डोली टेकवायच्या जागा

हौसाकाकी आमच्या वाडीची वाट कधीच एका दमात उतरली नाही. पोलादपूरच्या बाजाराला जायचं असो की खाली गिरणीवर, ऐनाच्या झाडाखाली ती थांबायची, डोक्यावरची पाटी उतरवायची आणि म्हणायची, "हितं पानी मागितलंन." मग काळ्या कातळावर थांबायची. मग खाली पऱ्याच्या ओढ्यावर. डोक्यावर ओझं नसलं तरी थांबायचीच. सोबतीला कोण आहे, हे ती बघत नसे.

तिचं आणि माझं अंगण एकच. मी मोठ्या माणसांपुढे बोलत नाही, विशेषतः पुरुषांपुढे. त्यावरून ती मला चिडवायची, "जीभ काय म्हायेरी ठेवून आलीस गो? पुढच्या खेपेला जाशील तवा घेऊन ये." ती स्वतः मात्र कुणालाही ऐकवायची. एकदा तपासणीला आलेल्या नर्सबाईंनी विचारलं, काकी, इथून गाडीरस्ता किती लांब? काकी म्हणाली, "खांदा कुनाचा हाय, त्याच्यावर हाय."

नर्सबाई हसल्या. त्यांना माहीत नव्हतं.

काकीला एकच मुलगी, सुलू. जावई मुंबईला. पहिल्या बाळंतपणाला सुलू माहेरी आली तेव्हा दवाखान्यात सांगितलं होतं की वार खाली आहे, कधीही रक्त अंगावर जाईल, हिला आधीच खाली आणून ठेवा, आणि चालवत आणू नका. म्हणजे डोली हवी. आमच्या वाडीत एरवी म्हातारी माणसं आणि बायकाच असतात, पण तेव्हा शिमगा होता. मुंबईचे सगळे बाप्ये आले होते. वर्षात खांद्यांची कमी नसते ती तेवढ्याच दिवसांत.

गावकीचा कारभार तात्यांकडे. कोणी काय उचलायचं ते तेच ठरवणार. काकी त्यांच्याकडे गेली. तात्या म्हणाले की पोरं पालखी खेळवतायत, बाळंतपणाच्या डोलीला हात लावला तर विटाळ होईल, पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसू दे, मग नेऊ. पोरगी खातेपिते आहे, घाई कसली?

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलूच्या अंगावर जायला लागलं. खाली रस्त्यावर रुग्णवाहिका येऊन उभी राहिली. काकी पुन्हा धावत गेली. तात्यांचं उत्तर तेच होतं. पोरं ढोल थांबवून ऐकत होती, पण तात्यांच्या तोंडाकडे बघत होती. मग आम्हीच बायकांनी बांबूला घोंगडी बांधली. पुढे काकी, मागे मी, बाजूला आणखी दोघी. बाप्ये खांदा बदलत बदलत न थांबता उतरतात. आम्हाला ते जमेना. खांदे जळायला लागले की टेकवायचो. तीन ठिकाणी टेकवली. तिसऱ्या वेळी, पऱ्यावर, उचलण्यासारखं काही उरलं नव्हतं. सुलू गेली आणि तिच्या पोटातलं बाळही. तिथून रुग्णवाहिकेचं छप्पर दिसत होतं.

तात्या भेटायला आले आणि म्हणाले, देवाच्या मनात नव्हतं. काकीने त्यांना बसायलाही सांगितलं नाही. ती म्हणाली, "देवाला कशाला मधी घालता? देव तुमच्याच खांद्यावर व्हता. घटकाभर खाली ठेवला असता, तर रागावला नसता."

पुढच्या शिमग्यांना पालखी तिच्या अंगणात यायची आणि बंद दारासमोर नाचून परत जायची. मी दाराच्या फटीतून तात्यांना बघायचे. त्यांचं काहीतरी वाईट व्हावं, असं मला वाटायचं. अजून वाटतं.

मग एका पावसाळ्यात तात्या बांधावरून घसरले आणि त्यांचा खुबा मोडला. वाडीत पुरुष नव्हते, त्यांचे मुलगेही मुंबईला. तात्यांची बायको काकीच्या दारात येऊन रडायला लागली. मला वाटलं, काकी दार लावील. लावावं, असंच मला वाटत होतं. पण काकीने कोपऱ्यातला बांबू काढला आणि मला म्हणाली, "चल गो."

पुन्हा आम्ही चौघीच. ऐनाखाली आलो तशी काकी म्हणाली, "टेकवा." माझ्या बाजूची म्हणाली, काकी, खांदा अजून दमला नाय. काकी म्हणाली, "तवा दमला व्हता. टेकवा." डोली जमिनीला लागली तसे तात्या ओरडले. काकी त्यांच्यावर वाकली. "तात्या, हितं पानी मागितलंन. नि माझ्याकडं तांब्या नव्हता."

कातळावर परत टेकवली. तात्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, दुखण्याचं असेल. काकी सावकाश बोलत होती, त्यांना नीट ऐकू जावं म्हणून. "हितं माझी पोर म्हनाली, आये, ढोल वाजतोय, म्हंजे बाप्ये हायत ना वाडीत?"

पऱ्यावर येईपर्यंत तात्यांनी हात जोडले होते. हौसा, थांबू नको, म्हणत होते. काकीने तिथेही टेकवायला लावली, पाण्यात पाय धुतले आणि म्हणाली, "हितं कायच नाय बोलली." मग तिनेच पुढचा खांदा दिला आणि त्यांना जीपपर्यंत पोचवलं.

तात्या जगले. परत चढताना मी तिला विचारलं, कशाला वाचवलंस त्याला? ती म्हणाली, "मेला असता तर सुटला असता. जगू दे. त्याला ह्याच वाटेनं जायाचं हाय."

काकी गेल्या थंडीत गेली, झोपेतच. तात्या अजून आहेत. काठी टेकत औषधाला खाली जातात. परवा मी बाजाराला निघाले, तर पुढे तेच होते. ऐन जवळ आला तशी त्यांची काठी भरभर पडायला लागली. आता थांबवणारं कोणी नाही, असं त्यांना वाटलं असेल.

मी पाटी खाली ठेवली. पदर सारखा केला. या माणसाशी मी जन्मात एक शब्द बोलले नव्हते.

"तात्या," मी म्हटलं, "हितं पानी मागितलंन."

काठी थांबली. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. मी पाटी उचलली आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

"चला," मी म्हटलं. "पुढं कातळ हाय."