मुक्ताचा रेडिओ

काल इथे चंदीगडच्या सेक्टर बावीसमध्ये मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगचा धूर नाकात गेला आणि मला वीस वर्षांपूर्वीची मुक्ता आठवली.

माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. इथेच वाढल्यामुळे घरातही हिंदीच बोलायची. आमचा बंद पडलेला रेडिओ तिने खोलला होता. शाळेतून आली की पालथी पडून एकेक तार तपासायची. सोल्डरिंग करताना बोटाला चटका बसला, तरी उठेना. मी जवळ गेलो की मान वर न करता म्हणायची, “बाबा, हाथ मत लगाना. मैं ढूँढ रही हूँ.”

तिची ती धडपड मला बघवेना. पाचव्या दिवशी, ती शाळेत असताना, मी रेडिओ दुरुस्त करून आणला. ती आली तेव्हा तो टेबलावर गात होता. ती खूश होईल म्हणून मी दारातच उभा होतो.

तिने रेडिओ बंद केला. “इसमें खराब क्या था?”

“विचारलं नाही गं. चालू झाला ना?”

ती स्क्रू-ड्रायव्हर खणात ठेवून हात धुवायला गेली. त्यानंतर तिने घरातलं काहीच उघडून पाहिलं नाही.

पोरीचा त्रास वाचला, असं तेव्हा मला वाटलं होतं. आता वाटतं, अजून एखादी संध्याकाळ तिला पुरली असती.