टॉकीजचा अँप्लिफायर आणि दोन तारांची वायर

पारनेरला आमचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. दुकान म्हणजे पेठेच्या टोकाला पत्र्याची एक खोली. आत चार कर्णे, दोन अँप्लिफायर आणि माइकांची पेटी. वडिलांनी हा धंदा आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या सभांपासून सुरू केला, पुढे लग्नं आणि शाळांची संमेलनं मिळत गेली. मी नगरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि नोकरी लागेपर्यंत दुकानात बसू लागले. नोकरी लागायला दोन वर्षं गेली. ही गोष्ट त्या दोन वर्षांतली, नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची.

गावात एक शेठ होते. त्यांचा तंबूचा सिनेमा तीस वर्षं तालुक्यातल्या जत्रांमधून फिरला. घरोघरी केबल आली तसा तंबू रिकामा राहू लागला आणि त्यांनी तो मोडला. तंबू, खुर्च्या, प्रोजेक्टर सगळं विकलं. अँप्लिफायर मात्र विकला नाही. मोठा टीव्ही आणि सीडीवर सिनेमा दाखवणारं यंत्र घेतलं, तंबूतले दोन स्पीकर बैठकीत मांडले आणि घरीच टॉकीज करायचं ठरवलं. होम थिएटर हा शब्द पारनेरमध्ये मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकला.

एके दिवशी ते दुकानात आले आणि आवाजात घरघर येते म्हणून सांगू लागले. पुण्याहून जाडजूड वायर आणली होती, टोकांना सोनेरी मुलामा असलेली, तरी फरक पडला नव्हता. वडिलांनी जरा विचार केला आणि मला जायला सांगितलं. शेठनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नको म्हणाले नाहीत, एवढंच.

त्यांच्या घरी गेल्यावर अर्धं कारण लगेच कळलं. अँप्लिफायरचा पंखा फार आवाज करायचा, म्हणून तो मागच्या कोठीत ठेवला होता. बैठकीतल्या यंत्रापासून कोठीपर्यंत चाळीस फूट वायर भिंतीकडेने नेली होती, घराच्या लाइटच्या वायरींना चिकटून. सिनेमा न लावताच मी आवाज वाढवला, तर स्पीकरमधून एकसारखी घरघर ऐकू आली. फ्रिज सुरू झाला की ती वाढायची. शेठ म्हणत होते, तंबूत असं कधीच होत नव्हतं. होत असणार. पण तंबूबाहेर जनरेटर धडधडत असे आणि आत पाचशे माणसं बसलेली असत. तिथे ती कोणाला ऐकू येणार?

अँप्लिफायरच्या पाठीला डाव्या-उजव्या आवाजाचे, तीन-तीन पिनांचे दोन सॉकेट होते. पुण्याच्या वायरीत आत एकच तार आणि वरून जाळी, त्यामुळे त्यांनी जोडपिन लावून ती कशीबशी बसवली होती. या सॉकेटांना दोन तारांची वायर लागते. दोन्ही तारांतून एकच आवाज जातो, पण एकीत सुलटा आणि दुसरीत उलटा. वाटेत लागणारी घरघर मात्र दोघींना सारखीच लागते. अँप्लिफायर दोघींमधला फरक तेवढा घेतो, म्हणून घरघर गळून पडते. हे मी शेठना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे पुण्याची वायर खराब न्हाई?"

"वायर चांगली आहे. या कामाची नाही," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एसटीने नगरला गेले. यंत्राकडच्या बाजूला लावून एका आवाजाचे सुलटा आणि उलटा असे दोन करायला दोन छोटे ट्रान्सफॉर्मर घेतले आणि दोन तारांच्या वायरीचे तीन नमुने मागितले. दुकानदाराच्या समोरच ब्लेडने साल काढून पाहिलं. एकीत जाळीऐवजी नुसती चंदेरी पन्नी होती, दोनदा वाकवली तेवढ्यात फाटली. दुसरीची जाळी इतकी विरळ की आतल्या तारांचा रंग दिसत होता. तिसरीत दोन्ही तारा एकमेकींना पीळ न देता नुसत्या शेजारी ठेवल्या होत्या. एकही मनास येईना. परतीच्या वाटेवर लक्षात आलं, की मला हवी तशी वायर आमच्याच दुकानात आहे. वडिलांची माइकची करडी वायर. दाट तांब्याची जाळी, पीळ दिलेल्या तारा, मध्ये सुताचा भराव. शंभर फूट, सबंध, कुठे एक जोड नाही. वडील ती भाषणांच्या माइकसाठीच काढत आणि काम झालं की फडक्याने पुसून गुंडाळून ठेवत.

मी त्यांना विचारलं. डाव्या-उजव्या स्पीकरसाठी चाळीस-चाळीस फुटांचे दोन तुकडे लागणार होते. त्यांनी वायरीचं वेटोळं खाली काढलं आणि हातात धरून पाहिलं.

"तुला खात्री हाय?"

"आहे."

"मग काप," ते म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

शेठच्या घरी दुपारभर तारांच्या टोकांना कथलाचे डाग देत बसले. वायर लाइटच्या भिंतीवरून काढून समोरच्या भिंतीने नेली. सगळं जोडून आवाज वाढवला. काहीच ऐकू येईना.

"बंद पडला काय?" शेठनी विचारलं. मी सिनेमा लावला तेव्हा त्यांचा विश्वास बसला. मग त्यांना मारामारीचा प्रसंग दाखवायची घाई झाली. ते सिनेमा पुढे पळवू लागले.

त्यांच्या पत्नी, ज्यांना मी काकी म्हणत असे, दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पहिल्यापास्नं लावा."

"पहिल्यापास्नं कशाला? आपल्या तंबूत तीन जत्रा चालला हा."

"तुमच्यापुढं चालला. मी खिडकीत हुते."

तीस वर्षं काकी बायकांच्या तिकिटाच्या खिडकीत बसल्या होत्या. उशिरा येणाऱ्यांना तिकीट देईपर्यंत मध्यंतर व्हायचं. तेव्हा आत गेल्या तर गेल्या. कुठल्याही सिनेमाची सुरुवात त्यांनी पाहिलेली नव्हती.

शेठनी सिनेमा मागे नेला. काकी खाली चटईवर बसल्या, भिंतीला टेकून. त्या हसल्या नाहीत, रडल्या नाहीत. एक सीडी संपून दुसरी घालेपर्यंतही जागच्या हलल्या नाहीत. शेठच मात्र चुळबुळत होते. ते तंबूत पडद्याकडे बघत नसत, लोकांकडे बघत. इथे बघायला लोक नव्हते. थोड्या वेळाने ते उठून अंगणात गेले.

त्यानंतर मी दोन-तीनदा त्या घरी गेले. काकी रोज दुपारी एक सिनेमा पहिल्यापासून बघत आणि गल्लीतल्या चार बायका सोबत असत. शेठ सीडी बदलायचं काम करत. एकदा मी त्यांना एका जुन्या सिनेमाची गोष्ट विचारली, तंबूत अनेक वर्षं चाललेल्या. त्यांनी गाणी सांगितली, कुठल्या जत्रेत किती गर्दी झाली ते सांगितलं, पण गोष्ट काही जुळेना.

"तिला इचार," ते म्हणाले. "तिनं बघितलाय."