मांडवाची उंची

१९७५ सालच्या मार्चची चार तारीख. मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी खड्डे खणायला येणार होते, आणि परसातल्या फरशीवर सावली कशाची करायची हे आमच्या घरात अजून ठरलं नव्हतं.

मांडव हा विषय माझ्या डोक्यात फार जुना आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी मी शिक्षिकेच्या ट्रेनिंगसाठी आमचं करकंब गाव सोडलं, त्या सकाळीही मांडवाचंच काम चाललं होतं. ट्रंक दाराशी होती, मोटारीला तासभर अवकाश होता, आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, मागच्या वाफ्यांवर बाभळीच्या मेढी रोवत होते. दोडका चढवायचा होता. मला हाक मारून म्हणाले, "हात वर कर." आमच्याकडे मांडव फुटांनी मोजत नसत. तोडणाऱ्याचा हात जिथं पोचेल, तिथं आडवी काठी. भाजी दरवर्षी मी तोडायची. मी हात वर केला, आप्पांनी मेढीवर कोळशानं खूण केली, तिच्याकडे बघितलं आणि अंगठ्यानं पुसून टाकली. "तू तर चाललीस की. आईला बोलीव."

आईची खूण चार बोटं खाली आली. हात खाली घेता घेता तिनं विचारलं, "सोलापुरात दोडकं बी इकत घ्यायचं म्हनं?" मी हो म्हटलं आणि ट्रंक उचलली. तोच आमचा निरोप.

दोडके मी सत्तावीस वर्षं विकतच घेतले. शहराबाहेरच्या प्लॉटवर घर बांधलं तेव्हा मागच्या जागेत वाफे न करता शहाबादी फरशी घातली, कारण झाडायला सोपी. तो निर्णय माझा. मार्चपासून दुपारी तिच्यावर अनवाणी पाय टेकवत नाही, हे नंतर कळलं.

आई गेली. भाऊ पुण्याला कारखान्यात लागला, जमीन वाट्यानं दिली. आप्पा करकंबात एकटे राहिले. गेल्या पावसाळ्यात तापानं पडले, ते शेजाऱ्यांना तिसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून त्यांना इकडे ठेवून घ्यायची माझी खटपट चालू होती. पहिल्यांदा आले ते आठ दिवसांत परत गेले, दुसऱ्यांदा पाच. ही तिसरी खेप. पिशवी खुंटीला तशीच, आतलं धोतर घडीचं. घरात पंख्याखाली त्यांना बसवत नाही, आणि मागं बसा म्हटलं तर म्हणाले, "ह्या फरशीवर भाकरी भाजंल, मानूस कुटनं बसंल?"

म्हणून मांडव. पण कोणता?

ह्यांच्या कचेरीतल्या साहेबांच्या बंगल्यात सिमेंटच्या तुळया आहेत, वर छप्परच नाही. त्याला पर्गोला म्हणतात. ह्यांना तोच हवा होता. मला उत्सुकता वाटली, की छप्पर नाही तर सावली येते कुठून? मग मी आठवडाभर, शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर आणि मधल्या सुट्ट्यांत, वही घेऊन लोकांचे मांडव बघत हिंडले. ऐन दुपारी प्रत्येकाखाली दहा मिनिटं बसायचं, असा नियम केला. पर्गोल्याखाली अंगावर पट्ट्या पट्ट्यांचं ऊन पडलं. खार दिसते तसे आपण दिसतो, एवढाच फायदा. पत्र्याखाली पाच मिनिटांतच उठले. बांबूला वाळवी. मधुमालतीखाली खरोखर गार, पण डोक्यावर मुंग्या. शेजारच्या नरसम्माच्या घरी माग आहेत, तिच्या मागच्या दारी लोखंडी अँगलवर तारा ताणून दोडका सोडलेला. तिथं मी वीस मिनिटं बसले. नरसम्मा हसून म्हणाली, "अक्का, लग्न कुणाचं काढलं? इतके मांडव तर वरमाई पण बघत नाही."

दर संध्याकाळी आप्पांना सगळं सांगायची. ते "चांगला हाय की" म्हणायचे. सगळेच चांगले. शेवटी म्हणाले, "मला कशाला इचारतीस? मी ऐतवारी जानार."

तर चार तारखेला अँगल आणि तारा, वेल चढेपर्यंत वर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या, इथवर मी आणलं. मोजमाप घ्यायला आलेल्या मिस्त्रींनी विचारलं, उंची? हे म्हणाले, आठ फूट, साहेबांसारखी. मिस्त्रींनीही मान डोलावली. "आठ के नीचे नको बाई. कोंबड्यांचं खुराडं दिसंल."

वहीत पाहिलं, तर सात मांडवांपैकी एकाचीही उंची मी लिहिलेली नव्हती. जे करकंबात पहिल्यांदा ठरवत, ते मी विचारलंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी आप्पा दोरीवरचा पंचा काठीनं ओढून घेताना दिसले. हात खांद्याच्या फार वर जात नव्हता. तिन्ही खेपा मिळून तीन आठवडे माझ्या डोळ्यांसमोर असूनही दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री पहार घेऊन उभे असताना मी शाळेचा खडू घेतला आणि आप्पांना मागच्या भिंतीशी बोलावलं. "आप्पा, हात वर करा."

"माजा? कशाला?"

"भाजी कोण तोडणार? मी शाळेत, हे कचेरीत."

त्यांनी हात जाईल तेवढा वर केला. बोटं टाळूच्या जरा वर थांबली. मी खडूनं रेघ ओढली. पाच फूट चार इंच. "बाई, तुमच्या सायबांचं डोकं आपटंल," मिस्त्री म्हणाले. हे वाकतील, मी म्हटलं.

आप्पा रेघेकडे बघत राहिले. मग त्यांनी अंगठा लावला आणि ती पुसून टाकली. तो अंगठा मला माहीत होता.

"दोन बोटं खाली घे," ते म्हणाले. "म्हातारा अजून वाकनार हाय. दोन वर्सांनी काय शिडी लावू?"

मी दोन बोटं खाली रेघ मारली, मिस्त्रींना दाखवली आणि पहिला तास चुकू नये म्हणून शाळेला निघाले.