'परत' नावाचं बटण

आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाचं ॲप मी केलं, असं अमरावतीत कुणी कौतुकानं म्हटलं की माझं टाळकं सटकतं. मी ॲप नाही केलं, मी खोका केला. मंडळाची वेबसाइट आधीपासूनच होती, पुण्याच्या एकानं बनवलेली. मंडळाचे अध्यक्ष अकोल्याचे. मी त्यांना काका म्हणते. त्यांनी फोनवर फर्मान सोडलं, "बेटा, साइट तं हायेच आपली. तेच उचल अन् ॲपमधी टाक. सगळ्या फोनवर चालली पायजे. काय लागते त्याले?"

काय लागते! बोलायला काय, जीभ लागते.

एकदाच लिहायचं आणि अँड्रॉइड, आयफोन दोन्हींवर चालवायचं, असं ॲप मी केलं. त्याच्या पोटात एक खिडकी ठेवली. त्या खिडकीत दिसतं ते सगळं साइटचं. म्हणजे दार माझं आणि घर दुसऱ्याचं. घरात काही बिघडलं की लोक दारच ठोठावणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. फोनची मागे जायची खूण दाबली की आख्खं ॲप बंद पडायचं. कीबोर्ड वर आला की नाव लिहायची चौकट त्याच्याखाली गडप. फोटो चढवायला गेलं तर आयफोनवर गॅलरी उघडायची, अँड्रॉइडवर ढिम्म. हे सगळं मी बाहेरून ठाकठीक केलं, करता करता नाकी नऊ आले.

पण बटणं साइटची होती. प्रत्येक स्थळाखाली दोन: 'पसंत' आणि 'परत'. बनवणाऱ्याच्या मनात होतं की स्थळ आवडलं नाही तर परत पाठवा. अरे बाबा, आमच्या वऱ्हाडात वस्तू वापस करतात! 'परत' म्हणजे पुन्हा. परत सांग, परत वाढ, परत ये. इथलं कुणीही ते बटण पुन्हा पाहायलाच दाबणार. आणि दाबलं की संपलं, खात्रीबित्री विचारायची सोय नाही. समोरच्यांच्या फोनवर थेट निरोप: 'आपले स्थळ परत करण्यात आले आहे.'

मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "शुद्ध मराठी हाय, राहू दे." मग मी गुपचूप एक उपाय केला. पान उघडलं की ॲपमधून आत कोडच्या चार ओळी सोडायच्या आणि 'परत'च्या जागी 'नको' दाखवायचं. छान चाललं होतं. पण पुण्यावाल्याच्या ते लक्षात आलं आणि त्यानं मंडळाकडे तक्रार केली, की आमच्या पानात बाहेरून हात घालतात. काकांचा फोन आला. "साइटवर एक अन् ॲपवर एक? लोकं हासतीन ना बेटा. काढ ते." काढलं. चडफडत काढलं.

आणि आला की नाही फेरा माझ्याच घरावर!

माझे मामा अंजनगाव सुर्जीकडे राहतात. झेंडू-शेवंतीची शेती. त्यांच्या मुलीला, माझ्या मामेबहिणीला, याच ॲपवर एक स्थळ आलं. नांदगाव खंडेश्वरचा मुलगा, नोकरी दुसऱ्या नांदगावात, नांदगाव पेठेला, कापडाच्या कारखान्यात, निर्व्यसनी, घरची थोडी जमीन. मामीनं फोनवर इतकं कौतुक केलं की मीच म्हटलं, अवं मामी, आधी 'पसंत' तर दाबा. त्या म्हणाल्या, "गुरुवारी दाबतो ना माय, चांगला दिवस हाय."

गुरुवार यायच्या आधी मामांचा फोन. "काहून वं, तुया ॲपनं काय करून ठेवलं? तिकडं नकार गेला म्हणते!"

मी पुण्याला फोन लावला. "मॅडम, संदेश सिस्टिममधून गेला, तो मागे घेता येत नाही." काकांना लावला. "नियम सगळ्याइले सारखाच हाय बेटा." मी म्हटलं, काका, नियम नाही, बटण चुकलंय. ते म्हणाले, "मंग ॲप कोणं बनवलं?" घ्या! चोर सोडून संन्याशाला फाशी. फोन भिंतीवर आपटावासा वाटला. माझाच होता म्हणून राहिला.

मी मामांकडे गेले. घरात तोंडं पाडून बसलेले सगळे. मामा मामीवर डाफरत होते, "तुलेच घाई!" मामी कपाळाला हात लावून शपथा घेत होत्या की मी हात नाही लावला, देवाशपथ. मामेबहीण माझा हात धरून म्हणाली, "ताई, चाल, मळ्यात जाऊ."

धुऱ्यावर, शेताच्या बांधावर पोचलो तशी ती म्हणाली, "म्याच दाबलं. त्या दिवशी बाबानं फोटो एक डाव दाखवला अन् मोबाइल खिशात टाकला. मले परत पायचा होता. मांगू कशी? आई गोठ्यात गेली तवा मोबाइल घेतला. खाली 'परत' लिवेल होतं, दाबलं. फोटोच गायब झाला."

मला तिचा राग आला नाही. त्या खिडकीचा आला, काकांचा आला, शुद्ध मराठीचाही आला. तिथंच उभ्या उभ्या मी मुलाच्या आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. बटण, शब्द, सगळं. त्या माउलीनं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाई, तुमी आता सांगून राहिल्या. नकार आला तं आमी थांबावं कोनासाठी? काल दुसरीकडं कुंकू लावून आलो. जबान देल्ली." वर म्हणाल्या, "तुमच्या पोरीचा फोटो तं त्यानं स्वतः निवडला होता. नकार आला त्या दिवशी ताटावरून उठला पोरगा."

मी फोन ठेवला. बहीण माझ्या तोंडाकडे पाहत होती. शहाणी बाई असते तर अर्धं गिळून टाकलं असतं. पण माझा स्वभाव! रागाच्या भरात मी सगळं सांगितलं, कुंकवाचं पण आणि ताटाचं पण.

मग तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"म्हंजे त्यालेबी मी आवडली होती," ती म्हणाली. आणि मग खाली बसून रडायला लागली.