ओढ्याचा अकरावा तुकडा

खरं बोलून आपलीच बाजू पाडणारा दुसरा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दाखवा, मी पत्रकं काढायचं सोडून देते. हा मान आमच्या भावजींचाच. माझ्या मावसबहिणीचे यजमान; नगर शहरात सावेडीला फ्लॅट, इंजिनिअरिंग कॉलेजात नोकरी, आणि ध्यास एकच, कोपरगावजवळचा आमचा ओढा कॉम्प्युटरवर वाहता करायचा. लॅपटॉपवर त्यांनी ओढ्याचे चौदा तुकडे पाडलेत. वर साखर कारखान्याच्या नाल्यातून घाण सोडली की खालच्या कुठल्या तुकड्यात किती प्राणवायू उरतो, ते त्यांचं मॉडेल सांगतं. या तुकड्यांबद्दल ते घरच्या माणसांसारखं बोलतात. ताईनं जेवायला हाक मारली तर म्हणतात, "थांब गं, अकराव्याला धाप लागलीय." ताई म्हणते, "लागू द्या. भाकरी गार झाली."

अकराव्या तुकड्याच्या काठावर, आमच्या वस्तीवरच्या शकूकाकूंची विहीर आहे. ओढ्याचं पाणी तिच्यात पाझरतं. वस्तीवर नळ नाही, टँकर येत नाही. प्यायला हीच विहीर. पाणी तांबूस झालंय आणि त्याला सडक्या मळीचा वास येतो. आमची सगळी धडपड त्या एका विहिरीसाठी.

पाण्याचा वेग मोजायला भावजी ओढ्यात लिंबं सोडतात. लिंबू पाण्याबरोबर जातं, वाऱ्याला दाद देत नाही, हे कौतुक ते अर्धा तास सांगू शकतात. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला, तोंडानं आकडे पुटपुटत लिंबं सोडणारा माणूस पाहून निम्मं गाव गोळा झालं.

"ओ सायेब, कुनावर सोडताय?"

"कुणावर नाही हो. वेग बघतोय."

"येग बघा की, पन नाव तर सांगा कुनाचं!"

मी मध्ये पडले म्हणून भावजी वाचले. त्यानंतरही दोघीजणी मला बाजूला घेऊन, सासूसाठी एखादं मिळेल का, असं विचारून गेल्या.

मी पत्रकात लिहिलं, 'कारखाना आम्हाला विष पाजतोय.' भावजींनी लाल पेनानं दुरुस्ती केली, 'काही वेळा, बहुधा, प्राणवायू घटवणारं सांडपाणी सोडलं जात असावं.' असलं पत्रक वाचून मोर्चाला कोण येणार? माणूस वाचता वाचता झोपेल.

मग आमच्या तक्रारीवर प्रदूषण मंडळाच्या साहेबांपुढे सुनावणी लागली. भावजींनी आलेख दाखवले. साहेब पुढे झुकून बघत होते, कारखान्याचा वकील रुमालानं मान पुसत होता. मी मनात पेढे वाटले. तेवढ्यात भावजी स्वतःहून म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. नाल्याच्या तोंडाशी आम्हाला मोजू दिलं नाही. तिथला आकडा माझा अंदाज आहे."

"म्हणजे खात्री नाही?" साहेबांनी विचारलं.

"खात्री असती तर मॉडेल कशाला केलं असतं?"

सगळे हसले. वकिलानं तर उठून त्यांचा हात हातात घेतला. पुरावा अपुरा, प्रकरण बंद.

बाहेर आल्यावर मी तोंड सोडलं. "भावजी, दोन मिनिटं गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

"अगं, उद्या त्यांनी असं लपवलं तर तू काय म्हणशील?"

"ते रोज लपवतात!"

भावजी म्हणाले, काकूंना आपणच जाऊन सांगू.

काकू ओट्यावर शेंगा फोडत होत्या. निकाल ऐकून घेतला, शिवी दिली नाही, रडल्या नाहीत. "त्ये ऱ्हाऊ द्या पावनं. तुमी शिकल्याली मानसं. येवढंच सांगा, पानी पिऊ का नको?"

"पिऊ नका, काकू."

"मग काय पिऊ?"

  मला घोषणा भरपूर येतात, त्यांतली एकही या प्रश्नाला पुरेना. काकूच उठल्या, दारी पाहुणे आलेत म्हणून चहा ठेवला. पाणी अर्थात तेच, वासही तोच. कप हातात घेऊन मी बसून राहिले. ओठांना लावायचा धीर होईना. काकू दारातून बघत होत्या. भावजींनी आपला चहा संपवला. मग माझ्या हातातला कप हळूच काढून घेतला आणि तोही प्यायले.

"साखर बेताची घातलीत, काकू," ते म्हणाले. "झकास झालाय."