परसातल्या फरशीची कड

पहिल्या झटक्यानं माझ्या नवऱ्याचं उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. वॉकर धरून हे कसेबसे चालायचे. यांना एकच हवं होतं. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरामागं, स्वतः लावलेल्या जास्वंदीपाशी बसून सकाळचा चहा प्यायचा.

तिथं फरशी होती, पण तिची कड काही टिकत नव्हती. आमची माती काळी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि कडेच्या विटा किडक्या दातांसारख्या हलायला लागतात. असल्याच एका विटेवर वॉकरचा पाय पडला आणि हे जास्वंदीत कोसळले. लागलं फारसं नाही. रडले मीच.

मी गवंडी बोलावला. त्यानं नुसत्या वाळूवर विटा मांडल्या, वरून सिमेंटचा हात फिरवला आणि म्हणाला, "ताई, लई मजबूत झालं. हत्ती चालवा आता." हत्ती कशाला, मांजर गेलं तरी ती कड हलली. फोनवर मी त्याला असं झापलं की शेजारीण खिडकीत आली. तो पुन्हा आला तेव्हा मी समोर खुर्ची टाकूनच बसले. काळी माती गुडघाभर उकरून काढायला लावली. खाली मुरूम टाकून धुमसून घेतला, त्यावर काँक्रीट, आणि मग दोरी धरून एकेक वीट.

"तुमी ठेकेदारच व्हायला पायजे व्हतं," तो कुरकुरला.

"व्हायलाच हवं होतं," मी म्हटलं.

आता कडेला पाणी मारायचं होतं, आणि या शहरात नळ कधी येईल त्याचा नेम नाही. मी भांडी विसळलेलं पाणी कडेवर अंथरलेल्या गोणपाटावर ओतायची. ते बघून एका सकाळी यांनी स्वतःच्या आंघोळीच्या बादलीकडं डावा हात केला. "कड," म्हणाले. तेव्हापासून हे ओल्या टॉवेलानं अंग पुसून घ्यायचे आणि बादली कडेला जायची. रोज उठल्या उठल्या विचारायचे, "कड?"

"अहो, अजून कच्ची आहे. जरा दम धरा," मी म्हणायची.

यांनी दम धरला. दुसऱ्या झटक्यानं धरला नाही.

दवाखान्यातून हे स्ट्रेचरवर घरी आले. नर्सनं बजावलं, "एका कडेवर जास्त वेळ ठेवू नका, अंगाला जखमा होतात." म्हणून मी यांना सारखी वळवत असते. उन्हाळा आला. परसातली माती बोट जाईल एवढी फाटली आहे, पण ती कड तसूभर हललेली नाही. शेजारीण विचारते, कुणाकडून करून घेतली, छान झालीय. मला ती बघवत नाही. सब्बल घेऊन उखडून टाकावीशी वाटते, आणि तेवढंही बळ उरलेलं नाही.

यांच्याकडं आता एकच शब्द राहिला आहे.

"कड," म्हणतात. मी भिंतीकडं वळवते. "कड," पुन्हा म्हणतात. खिडकीकडं वळवते. यांच्या डोळ्यांत पाणी येतं. अंग दुखतं म्हणून, की बाहेरची विचारतात, मला कळत नाही, आणि आता कधी कळणारही नाही.

"झाली हो," मी म्हणते, "पक्की झाली." आणि यांना पुन्हा भिंतीकडं वळवते.