दोन गाड्या आणि एक ओढा

माझी ताई गुरांची डॉक्टर आहे. एकतीस वर्षं झाली. तिच्या सगळ्या सदऱ्यांची उजवी बाही खांद्यापासून कापलेली असते, कारण अडलेल्या गाईच्या पोटात हात घालायचा तर बाही मध्ये येते. मी तिचा धाकटा भाऊ. छापखान्यात मुद्रितं तपासतो, मला गाडी चालवता येत नाही आणि वळणावळणाच्या रस्त्यावर मला मळमळतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात सगळ्यांनी मलाच मोठा गाडीवाला मानलं.

ताईकडे पंधरा वर्षं एक छोटी गाडी होती. गावातल्या आणि रस्त्याकडेच्या गोठ्यांना ती पुरायची. पण डोंगरावर एक वाडी आहे, बेचाळीस घरांची. तिथे जायच्या वाटेवर ओढा लागतो, आणि ओढ्याच्या पलीकडे खडा चढ. पुलासाठी ताईने पहिला अर्ज केला त्याला अकरा वर्षं झाली. ओढ्यापाशी गाडी लावायची, गमबूट चढवायचे, औषधांची पेटी डोक्यावर घ्यायची आणि तासभर चालत वर जायचं, असा तिचा शिरस्ता.

गेल्या वर्षी वाडीतल्या मावशींची गाय अडली. मावशी म्हणजे सत्तरीची एकटी बाई, घरात त्या आणि दोन गाई. वासरू आत आडवं झालेलं. निरोप मिळाला तेव्हा ताई दुसऱ्या गोठ्यावर होती. ती ओढ्यापर्यंत आली, पाणी मांडीला लागत होतं, तरी उतरली, धापा टाकत वर पोचली. वासरू गेलेलं होतं. अर्ध्या तासाने गायही गेली. मावशींनी ताईला हात धुवायला गरम पाणी दिलं, टॉवेल दिला आणि म्हणाल्या, "दमलीस गं तू."

ताईने मला हे घरी येऊन सांगितलं तेव्हा तिचा आवाज अगदी खाली गेला होता. राग आला की तिचा आवाज असाच उतरतो. म्हणाली, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं रे."

त्या आठवड्यात तिने ठरवलं की ओढा पार करून चढ चढणारी गाडी घ्यायची. साठवलेले पैसे होते ते सगळे त्यात घालायचे. निवृत्तीनंतर घराला एक खोली वाढवायची होती, ती राहिली.

तिच्या ऐपतीत बसतील अशा दोनच गाड्या होत्या. दोन्ही एकमेकींच्या हाडवैरी, एकीची जाहिरात लागली की शेजारी दुसरीची लागणारच. एक चौकोनी, कोपरे न घासलेली. तिचं नाव आम्ही पेटी ठेवलं. दुसरी गुबगुबीत, फुगल्या गालांची. तो बोका. ताईने मला दोन्हींची माहितीपत्रकं दिली आणि सांगितलं, "तुझे डोळे बारीक अक्षराला सरावलेत. जिथे जिथे चांदणी असेल तिथे खुणा कर."

चांदण्यांना तोटा नव्हता. 'कुठेही जा' असं ठसठशीत वाक्य, आणि त्याच्या शेपटीला टाचणीच्या डोक्याएवढी चांदणी. पान उलटून तळाशी बघावं तर लिहिलेलं, 'योग्य परिस्थितीत.' 'चारही चाकांना ताकद', आणि खाली, 'निवडक प्रकारांत.' मी दोन रकाने आखून तक्ता केला. जमिनीपासून पोटाची उंची, पाण्यातली खोली, चढासाठीचा जड गिअर, आणि एक चाक हवेत गरगरत राहिलं तर दुसऱ्याला जोर पोचवणारं लॉक.

बोक्याच्या शोरूममध्ये आम्ही शनिवारी सकाळी गेलो. दारातल्या विक्रेत्याने माझा हात हातात घेतला. "या सर! आपल्यासाठी की मॅडमसाठी?"

"गाडी ताईला घ्यायची आहे," मी म्हटलं.

"छान, छान. मॅडम, बसून बघा, सीट किती मऊ आहे. सर, इंजिन दाखवतो तुम्हाला."

सीट पांढरी होती, दुधासारखी. ताईने विचारलं, "ही पाइपने धुता येईल का?"

तो हसला. "मॅडम, पाइपने कशाला? ओल्या फडक्याने हळुवार पुसायची."

"मागे वासरू असेल. रक्त, शेण, गाईची वार, सगळं असेल."

तो माझ्याकडे बघायला लागला, ही काय म्हणते आहे ते मी समजावून सांगेन अशा आशेने. मी छताकडे बघितलं, तर त्याला वाटलं मला सनरूफ आवडलं, आणि त्याने बटण दाबून ते उघडून दाखवलं. मग दाराच्या कडेला सात रंगांचे दिवे लागले. ताईने तिचे प्रश्न पुन्हा एकदा विचारले. लॉक कुठल्या प्रकारात आहे? सगळ्यात महागड्या. त्यात सीट कुठली? पांढरी चामड्याची. साधी सीट आणि लॉक असं एकत्र मिळेल का?

"तसं कोणी मागत नाही मॅडम."

"मी मागते आहे ना?"

चालवून बघायला त्याने समोरच्या गुळगुळीत रस्त्यावर नेलं. बोका लोण्यासारखा चालला, मला मळमळलंसुद्धा नाही. ताई म्हणाली, गावाबाहेर नदीपात्राला उतार आहे, तिथे नेऊ. विक्रेत्याचा चेहरा पडला. परवानगी नव्हती, चाचणी फक्त डांबरावर.

परत आल्यावर ताईने गाडीसोबत मिळणारं पुस्तक मागितलं. माहितीपत्रक नव्हे, मालकाला देतात ते जाडजूड पुस्तक. तो कुरकुरत घेऊन आला. ताई खुर्ची ओढून बसली आणि पान पान वाचायला लागली. चहा आला, गार झाला. व्यवस्थापक दोनदा डोकावून गेले आणि दुसऱ्यांदा माझ्या कानाशी म्हणाले, "सर, मॅडमना जरा समजावा. इतकं कोणी वाचत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "मला पगारच न वाचलेलं वाचण्याचा मिळतो. मी काय समजावणार?"

तेवढ्यात ताईने हाक मारली. "इकडे या हो जरा." तिच्या मागच्या भिंतीवर छतापर्यंत चित्र होतं. बोका नदीतून धावतोय आणि दोन्ही बाजूंनी पाण्याचे पंखे उडताहेत. ताईने पुस्तकावर बोट ठेवलं. "हे वाचा."

व्यवस्थापकांनी वाचलं, पण मनात.

"मोठ्याने."

त्यांनी पुस्तक परत तिच्याकडे सरकवलं. मग ताईनेच वाचलं, खालच्या, स्पष्ट आवाजात. "वाहन वाहत्या पाण्यातून नेल्यास इंजिन व विद्युत भागांची हमी रद्द समजली जाईल." आणि भिंतीकडे मान वळवली. "या चित्रातली गाडी कुठे आहे?"

"मॅडम, ते जाहिरातीचं..."

"पाण्यात आहे की नाही?"

"आहे."

"पाणी वाहतंय ना?"

"हो."

"मग हिची हमी रद्द झाली. जी हमी तुम्ही भिंतीवरच्या गाडीला देत नाही, ती मला कशाच्या जोरावर विकताय? हं?"

बाजूच्या टेबलावर एक नवरा-बायको कागदांवर सह्या करत होते. बायकोने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "आम्हालाही ते पुस्तक बघू द्या."

पेटीच्या शोरूममध्ये कमी नाटकं होती, पण तिथे वेगळीच तऱ्हा. सगळ्यात साधा प्रकार ताईला हवा होता. लोखंडी चाकं, रबरी फरशी, जड गिअर आणि लॉक. माहितीपत्रकात तो होता, किंमतही त्याचीच छापलेली होती. विक्रेती मुलगी बिचारी प्रामाणिक. ती म्हणाली, "मॅडम, तो आम्ही मागवतच नाही. तो किंमत कमी दिसावी म्हणून छापलेला असतो."

ताई म्हणाली, "ठीक. घेईन की नाही ते अजून ठरलं नाही. आधी ओढा ठरवेल."

गावातल्या मोजणीदाराकडे दोन वर्षांपासून बोका होता आणि खडीच्या खाणीवाल्याकडे पेटी. दोघांची गुरं ताईनेच बरी केलेली, नाही म्हणायची सोय नव्हती. रविवारी दोघे आपापल्या गाड्या घेऊन ओढ्यावर आले. एकमेकांना टोमणे मारत होते. पाणी गुडघ्याएवढं होतं.

आधी बोका. ताई स्वतः स्टीअरिंगवर बसली, शेजारी मोजणीदार, मागे डोळे मिटून मी. पाणी बोक्याने ऐटीत कापलं. पण पलीकडचा काठ लागला आणि समोरून कर्र असा आवाज आला. नाकाखालचं प्लास्टिक मातीत रुतलं होतं. ताईने रेटून बघितलं. एक चाक अधांतरी फिरत राहिलं आणि पडद्यावर अक्षरं आली, 'पृष्ठभाग योग्य नाही.'

"ते मला माहीत आहे!" ताई पडद्यावर खेकसली.

मोजणीदार खाली उतरून ते फाटलेलं प्लास्टिक हातात घेऊन उभा राहिला. "दोन वर्षं मी हिला फक्त बाजारात नेत होतो," तो म्हणाला. "मला वाटायचं, मनात आणलं तर ही कुठेही जाईल." मला त्याची खरंच दया आली. मोडतोड ताईने भरून दिली, तो नको नको म्हणत असताना.

मग पेटीला दोर लावून आधी बोक्याला बाजूला ओढून घ्यावं लागलं. नंतर ताईने तिला त्याच काठावर घातलं. भांड्यांचं कपाट जिन्यावरून ढकलावं तसा आवाज करत ती वर चढली, थेट मावशींच्या अंगणापर्यंत. मी उतरल्याबरोबर उलटी केली. पेटीतही खोट होती. मागचं दार आडवं उघडतं, आणि उतारावर ते उघडं राहीना, धाडकन ताईच्या कोपरावर आदळलं. ताईने तक्त्यात पेटीच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं, 'दाराला खिटी बसवणे.' त्यावरून मला कळलं की निर्णय झाला.

साध्या प्रकारासाठी ती पेटीच्या शोरूममध्ये चार वेळा गेली. पाचव्या खेपेला कंपनीला पत्र लिहिलं, 'छापलेल्या किमतीची गाडी अस्तित्वात आहे का, हे लेखी कळवावे.' ती अस्तित्वात आली. साडेतीन महिन्यांनी, पांढऱ्या रंगात, लोखंडी चाकांवर.

इथे गोष्ट सुखाने संपायला हरकत नव्हती. पण गाडी आल्यावर सहा आठवड्यांनी पुलाच्या अर्जावर रस्ते खात्याचं पत्र आलं. मी ते तीनदा वाचलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. 'तक्रारदारांकडे सदर ओढा पार करण्यास सक्षम असे वाहन उपलब्ध झाल्याने मूळ अडचण दूर झाली आहे. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.'

ताईने पत्र घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं खात्यात गेलो. अभियंता साहेब तरुण होते, बोलायला गोड.

"मॅडम, तुमचं काम तर झालंच ना?"

"माझं?" ताईचा आवाज जवळजवळ ऐकू येईना. "वर बेचाळीस घरं आहेत. त्यांच्याकडे कुठलं सक्षम वाहन उपलब्ध झालं? अकरा वर्षं तुम्ही पूल बांधला नाही. तो माझ्या पैशाने मी चार चाकांवर विकत घेतला, आणि तुम्ही म्हणता अडचण दूर झाली?"

"पण गाडी तर जाते, म्हणजे रस्ता आहे असं..."

"चला. बघू रस्ता."

साहेबांना वेळ नव्हता. ताई समोरच्या बाकावर बसून राहिली. दुपारी साहेबांना वेळ मिळाला.

जाताना गाडीने ओढा पार केला. पाणी दाराच्या उंबऱ्याला लागलं तेव्हा साहेबांनी खिडकीवरची मूठ दोन्ही हातांनी धरली. वाडीत मावशी भेटल्या. शेजारची सून आठव्या महिन्यात ओढा उतरून तपासणीला गेली होती, तेव्हा चार बायकांनी तिला कसं धरलं होतं, ते त्यांनी बसून सांगितलं. तक्रारीच्या सुरात नाही, साधं सांगतात तसं. साहेब बुटांकडे बघत होते.

परतताना ताईने ओढ्याच्या वरच्या काठावर गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

"उतरा. इथून पुढे वाडीतली माणसं जातात तसं जायचं. मी गाडी मागून आणते."

"मॅडम, अहो..."

ताईने पायातले गमबूट काढून त्यांच्यासमोर ठेवले. ते साहेबांना लहान झाले. शेवटी विजार दुमडून, बूट हातात घेऊन ते पाण्यात उतरले. मीही त्यांच्याबरोबर उतरलो, कारण माणूस पडला तर धरायला कुणी तरी हवं. मधोमध एका गुळगुळीत दगडावरून त्यांचा पाय सरकला आणि त्यांनी माझा दंड असा पकडला की चार दिवस वळ होता. पलीकडे पोचल्यावर त्यांनी ओल्या पायांनीच वळून ओढ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "कागदावर हा ओढा इतका रुंद नाही."

तक्रार पुन्हा उघडली गेली. पाच महिन्यांनी ओढ्यात पाणी जायला सिमेंटच्या तीन नळ्या, त्यांवर काँक्रीटचा एक ठोकळा आणि पुढच्या चढावर खडी पडली. पूल नव्हे. मोठ्या पावसात तोही पाण्याखाली जातो. पण एरवी दुधाची तीनचाकी वरपर्यंत जाते, आणि शेजारची ती सून बाळाला घेऊन तिच्यातच बसून गावात येते.

ठोकळा झाला त्या दिवशी साहेब स्वतः आले होते. त्यांनी ताईला विचारलं, "आता तरी समाधान झालं ना?"

ताई नळ्या मोजत होती. "तीन नळ्या," ती म्हणाली. "अकरा वर्षं. साहेब, पुलाचा अर्ज मी मागे घेतलेला नाही." आणि पेटीत बसून ती वर निघाली. वाडीत मावशींची राहिलेली गाय त्याच आठवड्यात व्यायची होती.